पाचशे एकाचं पाकीट पाचशे तीसला

लग्नात आपण आहेराचं पाकीट देतो. आत पाचशेची नोट, वर चिकटवलेलं एक रुपयाचं नाणं. समजा मांडवाच्या दारात कुणी ते पाकीट हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आत ५०१ आहेत, खात्रीनं आहेत. लावा बोली." आपण साडेचारशे म्हणू, शेजारचा चारशे ऐंशी म्हणेल, फार तर कुणी पाचशेपर्यंत जाईल. ५३० कुणी म्हणणार नाही. कारण आत काय आहे हे सगळ्यांनाच माहीत आहे.

मागच्या हिवाळ्यात अमेरिकेत शिकणाऱ्या माझ्या भाच्यानं असंच एक पाकीट घेतलं. रविवारी सकाळी मी पोहे करत होते, तेव्हा त्याचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "आत्या, जिंकलो! शेवटच्या चार सेकंदांत!" काय जिंकलास म्हणून विचारलं, तर एका लिलावाच्या साइटवर एका मोठ्या दुकानाचं ५० डॉलरचं गिफ्ट कार्ड. कितीला? ५३ डॉलर २५ सेंटला.

मी गॅस बारीक केला आणि पुन्हा विचारलं. "पन्नासचं कार्ड?" "हो." "आणि दिलेस त्रेपन्न?" पलीकडे दोन क्षण शांतता. मग तो हळूच म्हणाला, "अगं, पण ते जवळजवळ गेलंच होतं हातातून."

इंदूरच्या एका कॉलेजात मी सत्तावीस वर्षं बी.कॉम.च्या मुलांना संख्याशास्त्र शिकवलं. हा मुलगा हुशार आहे, पैशाला जपणारा आहे, भाजी घेतानाही दोन दुकानं बघतो. त्यामुळे "मूर्खपणा केला" म्हणून हा विषय मला मिटवता येईना. तेव्हापासून मी यावर जे वाचलं आणि कागदावर जी गणितं केली, ती इथे सांगते. "जवळजवळ गेलंच होतं" हे त्याचं वाक्य लक्षात ठेवा, ते पुढे लागेल.

आधी कार्डाची खरी किंमत बघू. पन्नासचं कार्ड पन्नासला का घ्यावं, हाच मुळात प्रश्न आहे. पन्नास रोख असतील तर ते कुठेही चालतात, कार्ड एकाच दुकानात चालतं. रोख रकमेला मुदत नसते, कार्डाला असते. अमेरिकेत २००९ च्या कायद्यानं ती किमान पाच वर्षं केली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अनेक दुकानांत चालणाऱ्या प्रीपेड कार्डांना किमान एक वर्षाची मुदत द्यावी लागते, गिफ्ट कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये ठेवता येतात, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि ते रोखीत काढताही येत नाहीत. शिवाय अनोळखी माणसाकडून घेतलेल्या कार्डातली रक्कम आधीच खर्च झालेली नाही ना, ही धाकधूक असतेच. म्हणजे शहाण्या बाजारात पन्नासचं कार्ड पन्नासपेक्षा थोडं कमीलाच विकलं जायला हवं, आणि पुनर्विक्रीच्या दुकानांत ते तसंच विकलंही जातं.

मग लिलावात उलटं का होतं? आणि ते एखाददुसऱ्या वेळी होतं म्हणावं, तर तसंही नाही. मॅथ्यू जोन्स या अर्थशास्त्रज्ञानं ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर झालेले अ‍ॅमेझॉनच्या गिफ्ट सर्टिफिकेटांचे लिलाव तपासले आणि २०११ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. सुमारे ४१ टक्के लिलावांत शेवटची किंमत छापील रकमेच्या वर गेलेली होती. दर पाचांतले दोन! आणि तीच सर्टिफिकेटं अ‍ॅमेझॉनच्या स्वतःच्या साइटवर कुठल्याही क्षणी छापील किमतीला मिळत होती. म्हणजे मांडवाच्या दारात पाकिटाला ५३० ची बोली लागते आहे, आणि शेजारच्याच टेबलावर तसलीच पाकिटं ५०१ ला ठेवलेली आहेत.

मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. लिलावात जास्त पैसे गेले की आपण एक ठरावीक कारण देतो, की वस्तूची किंमत ओळखण्यात चूक झाली. आणि पुष्कळ ठिकाणी ते खरंही असतं. इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्लॉटची निविदा भरताना दुसऱ्यांची बोली दिसत नाही, पुढे रस्ता कधी होणार, वस्ती कधी वाढणार हे कुणालाच माहीत नसतं. दहा जण आपापला अंदाज बांधतात. कुणाचा कमी, कुणाचा बरोबर, कुणाचा फुगलेला. प्लॉट मिळतो तो ज्याचा अंदाज सगळ्यांत फुगलेला त्याला. म्हणजे निविदा मिळाली हीच बातमी असते, की बाकी नऊ जणांना तो प्लॉट एवढ्याचा वाटला नव्हता. याला अर्थशास्त्रात विजेत्याचा शाप म्हणतात. १९७१ साली अटलांटिक रिचफील्ड या तेल कंपनीच्या तीन इंजिनिअरांनी तो मांडला. मेक्सिकोच्या आखातात तेल मिळेल म्हणून समुद्राच्या तुकड्यांवर कंपन्या बोली लावत होत्या, तुकडे जिंकत होत्या, आणि हाती मात्र अपेक्षेपेक्षा कमी लागत होतं.

वर्गात हा शाप समजावायला एक सोपा प्रयोग आहे. मॅक्स बेझरमन आणि विल्यम सॅम्युअलसन यांनी १९८३ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका बरणीत आठ डॉलरची नाणी भरली, विद्यार्थ्यांना बरणी दाखवली आणि बोली लावायला सांगितलं. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज होता ५ डॉलर १३ सेंट, म्हणजे बरणीत होतं त्यापेक्षा पुष्कळ कमी. आणि जिंकणारी सरासरी बोली होती १० डॉलर १ सेंट. सगळा वर्ग मिळून कमी समजत होता, तरी जिंकणारा जास्तच देऊन गेला.

पण गिफ्ट कार्ड म्हणजे काचेची बरणी नव्हे. त्यावर ५० छापलेलं आहे. अंदाजाला जागाच नाही, म्हणून विजेत्याचा शाप हे कारण इथे गळून पडतं. वैद्य एकेक औषध बंद करून बघतो आणि मग आजार कशात आहे ते कळतं, तसं हे उदाहरण आहे. किंमत ओळखण्याचा प्रश्न काढून टाकल्यावर जे उरतं, ते लिलावाचं स्वतःचं.

उरलेल्यातून आणखी काही जणांना आधी बाजूला काढू, कारण जास्त देणारा प्रत्येक जण फसलेला असतोच असं नाही. कुणाला क्रेडिट कार्डावर भरपूर पॉइंट्स किंवा कॅशबॅक मिळतो. मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनवरून ईबेवर गेलं की खरेदीवर कॅशबॅक, अशी योजना २००८ ते २०१० या काळात होती. दहा टक्के परत येणार असतील तर पन्नासचं कार्ड त्रेपन्नला घेणारा फायद्यातच राहतो. कुणाला दुसऱ्या देशातल्या दुकानाचं कार्ड हवं असतं, आणि तिथलं बँक कार्ड नसल्यामुळे ते सरळ विकत घेता येत नाही. आणि काही खरेदीदार चोर असतात. चोरलेल्या क्रेडिट कार्डाचे पैसे लवकरात लवकर दुसऱ्या रूपात नेणं एवढंच त्यांना हवं असतं. पैसा दुसऱ्याचा, तेव्हा पन्नासला साठ गेले तरी त्यांचं काही जात नाही. अशा माणसासमोर सरळ माणूस बोली लावत बसला, तर किंमत कुठे जाईल सांगता येत नाही.

माझ्या भाच्याकडे यातलं काहीच नव्हतं. ना कॅशबॅक, ना अडचण. कार्डाचं दुकान त्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. लिलाव ही चाळणी आहे. दुकानात एखादी वस्तू महाग असेल तर शंभरातले नव्वद जण घेत नाहीत, दहा घेतात, आणि त्या दहांमुळे बाकी नव्वदांचा निर्णय काही बदलत नाही. लिलावात तसं नसतं. तिथे सगळ्यांच्या बोली एकावर एक रचल्या जातात आणि फक्त वरच्या एकदोन बोलींवरून किंमत ठरते. शहाणे लोक त्यांच्या हद्दीला थांबतात आणि गळून जातात. चाळणीत शेवटी जे उरतात, तेच आपल्याला दिसतात. मग आपण म्हणतो, "लोक वेडे झालेत." लोक झालेले नसतात. लोक केव्हाच घरी गेलेले असतात.

किती जण चुकले की किंमत वर जाते, याचा हिशेब मांडू. त्याआधी अशा साइटवर किंमत कशी ठरते ते बघायला हवं. तिथे आपण आपली कमाल रक्कम टाकून ठेवतो, ती इतरांना दिसत नाही. साइट आपल्या वतीनं गरजेपुरतीच बोली वाढवते. माझी हद्द ४७ आणि तुमची ४४ असेल, तर मला कार्ड मिळेल ते ४७ ला नाही, ४४ च्या एक पायरी वर. म्हणजे किंमत जिंकणाऱ्याच्या बोलीनं ठरत नाही, दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीनं ठरते. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञानं १९६१ साली अशा लिलावाचं गणित मांडलं. त्यात त्यानं दाखवलं की इथे आपली खरी हद्द एकदाच प्रामाणिकपणे सांगून बाजूला होणं हेच सगळ्यांत फायद्याचं. १९९६ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

तर पन्नासचं कार्ड पन्नासच्या चांगलं वर जायला हद्द ओलांडणारा एक माणूस पुरत नाही, दोन लागतात. समजा दहांतला एकच माणूस बेफिकीर आहे, बाकी नऊ जण पन्नासच्या आत थांबणारे. फार वाईट जग नाही हे. आता एका लिलावात असे दहा जण आले, तर त्यांत दोन किंवा जास्त बेफिकीर असण्याची शक्यता निघते २६ टक्के. आणि वीस जण आले तर? ६१ टक्के. माणसं तीच, शहाणपणाचं प्रमाणही तेच. फक्त गर्दी दुप्पट झाली, आणि चारांतल्या एका लिलावाऐवजी पाचांतले तीन लिलाव वर गेले.

हे गणित मी कागदावर दोनदा केलं. प्रत्येक बेफिकीर माणूस स्वतंत्रपणे येतो असं त्यात धरलं आहे. खऱ्या जगात एकाची बोली बघून दुसरा पेटतो, म्हणजे खरा आकडा वेगळा असेल. पण दिशा हीच. विकणारा गर्दी का जमवतो, एक रुपयापासून बोली का सुरू करतो, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात हे मोजलं उल्रिके मालमेंडिअर आणि यंग हान ली या दोघांनी, आणि तेही २०११ सालीच प्रसिद्ध झालं. त्यांनी घेतला कॅशफ्लो १०१ नावाचा पटावरचा खेळ. पैशाचं नियोजन शिकवणारा खेळ आहे तो. ईबेवर त्याचे लिलाव चालू असत, आणि त्याच पानावर, त्याच वेळी, तोच नवा कोरा खेळ सुमारे १३० डॉलरच्या पक्क्या किमतीला लगेच घेता येत असे. तरीही ४२ टक्के लिलावांत शेवटची किंमत त्या पक्क्या किमतीच्या वर गेली. इतर अनेक वस्तूंचे लिलाव पाहिले तर तो आकडा ४८ टक्के. आणि बोली लावणाऱ्यांपैकी पक्क्या किमतीच्या वर गेलेले किती? अवघे १७ टक्के. बाकी ८३ टक्के लोक नीट वागत होते. त्यांच्या नीट वागण्यानं किंमत खाली आली नाही, कारण लिलावात थांबलेल्या माणसाला किंमत ठरवण्यात जागा नसते.

या दोघांनी याचं कारण दिलं ते साधं आहे, आणि मला पटतं. लोक पुन्हा त्या पक्क्या किमतीकडे बघतच नाहीत. पहिल्या दिवशी यादी बघितली, लिलाव स्वस्तात दिसला, आत शिरले. त्यानंतर साइट सांगते, "तुमच्यापेक्षा जास्त बोली आली आहे." त्या निरोपाखाली एकच बटण असतं, बोली वाढवा. शेजारच्या टेबलावरचं पाकीट त्यात दिसत नाही. डोळ्यांपुढे येते ती समोरच्याची बोली, आणि मग मोजमाप तिच्याशीच सुरू होतं. पन्नास हा आकडा बाजूला पडतो.

भाच्याला मी त्याचा सगळा क्रम विचारला. त्यानं इतिहास काढून वाचून दाखवला. बुधवारी त्यानं ४६ डॉलर हद्द टाकली. अगदी योग्य. तीन दिवस तोच पुढे होता. रोज सकाळी उघडून बघायचा, त्याचंच नाव वर. शनिवारी मागे पडला, ४९ केले. शेवटच्या पाच मिनिटांत पुन्हा मागे, ५२ केले, लगेच पुन्हा मागे. मग ५५ टाकले आणि पुढे आला. दुसऱ्याची हद्द ५२ डॉलर २५ सेंट होती, म्हणून थांबलं ५३.२५ वर.

बुधवार ते शनिवार, हे तीन दिवस मला त्या शेवटच्या पाच मिनिटांपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटतात. तीन दिवस ते कार्ड मनात त्याचंच झालं होतं. आपल्या हातात आलेली वस्तू आपल्याला जास्त मोलाची वाटते, हे डॅनिएल कानमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये साध्या कॉफीच्या मगांवर दाखवलं. वर्गातल्या अर्ध्या मुलांना एकेक मग दिला, अर्ध्यांना नाही. ज्यांच्याकडे मग होता ते विकायला जेवढे मागत, त्याच्या निम्म्याच्या आसपासच दुसरे द्यायला तयार. वस्तू तीच, काही मिनिटांपूर्वी मिळालेली. लिलावात तर वस्तू हातात आलेलीही नसते, नुसतं नाव वर असतं, आणि तेवढं पुरतं. पुढे असलेला माणूस मागे पडला की त्याला "मिळालं नाही" असं वाटत नाही, "गेलं" असं वाटतं. माझ्या भाच्यानं नेमका तोच शब्द वापरला होता. जवळजवळ गेलंच होतं. जे कधी त्याचं नव्हतं, ते जाऊ नये म्हणून त्यानं वरचे सव्वातीन डॉलर दिले.

यात घड्याळ तेल ओततं. ईबेचा लिलाव ठरलेल्या सेकंदाला बंद होतो. अ‍ॅमेझॉनही पूर्वी लिलाव चालवत असे, तिथे शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढायची. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये दोन्हींची तुलना केली. शेवटच्या क्षणी बोली टाकण्याची झुंबड ईबेवर कितीतरी जास्त होती. चार सेकंद उरलेले असताना कुणी नवी खिडकी उघडून दुकानातली किंमत बघत नाही. आपली लिलावाची जुनी पद्धत, "एकवार, दोनवार" म्हणत थांबत थांबत पुढे जाणारी, माणसाला निदान श्वास घ्यायला वेळ देते.

टपालखर्चाचीही एक छोटी गोष्ट आहे. सुरुवातीची बोली कमी आणि टपालखर्च जास्त लावला, तर विकणाऱ्याला एकूण जास्त पैसे मिळतात, असं तंजीम हुसेन आणि जॉन मॉर्गन यांनी ईबेवर सीडी आणि व्हिडिओ गेम विकून २००६ मध्ये दाखवलं. लोक बोलीशी भांडतात, खालच्या ओळीतला टपालखर्च बेरजेत धरत नाहीत. मालमेंडिअर आणि ली यांच्या आकड्यांत टपालखर्च मिळवला, तर पक्क्या किमतीच्या वर गेलेले लिलाव ४२ टक्क्यांवरून ७३ टक्क्यांवर जातात.

आता इंदूरची गोष्ट. आमच्या शेजारी एक काका राहत. छावणीतल्या अनाज मंडीत त्यांची चाळीस वर्षांची आढत. मंडीत बोली लावून विकण्याला नीलामी म्हणतात. आपण लिलाव म्हणतो. दोन्ही शब्द पोर्तुगीजांच्या एकाच शब्दाची लेकरं आहेत. माझी नागपूरची जाऊ हर्रास म्हणते. शब्द कोणताही असो, मी त्या मंडीत काकांबरोबर दोनदा गेले आहे, वर्गात सांगायला उदाहरण हवं होतं म्हणून. ट्रॉल्यांची रांग, सोयाबीनचे ढीग, व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्या ढिगाकडे सरकतो आहे, मंडीचा कर्मचारी भाव पुकारतो आहे. मूठभर दाणे उचलायचे, दातानं फोडून ओल बघायची, आणि बोलायचं. मिनिटभरात एक ढीग संपतो. घड्याळ इथेही आहे, गर्दी इथेही आहे, शेजारच्याशी जुनी चढाओढही आहे. तरी काका कधी हद्दीबाहेर गेलेले मी पाहिले नाहीत.

मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, सकाळी प्लांटचे भाव येतात. तेलाचे कारखाने आज काय भावानं माल घेणार ते. त्यातून भाडं, हमाली, ओलीची घट, आपला सुटणारा पैसा वजा करायचा. उरला तो आकडा घरून निघतानाच पक्का. ढिगापाशी फक्त माल बघायचा, आकडा नाही बघायचा. आणि एक ढीग गेला तर मागे अजून दीडशे ट्रॉल्या उभ्या आहेत.

काका माझ्या भाच्यापेक्षा जास्त हुशार होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्याजवळ दोन गोष्टी होत्या ज्या त्याच्याजवळ नव्हत्या. एक, मालाचा बाहेरचा भाव रोज सकाळी आठवण करून देणारं कुणीतरी होतं. दोन, दिवसाला पन्नास लिलाव आणि चाळीस वर्षं. जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञानं खेळाडूंची चित्रकार्डं विकणाऱ्यांच्या जत्रेत जाऊन प्रयोग केले आणि २००३ मध्ये लिहिलं, की हातातली वस्तू जास्त मोलाची वाटण्याची ती मगांची खोड मुरलेल्या व्यापाऱ्यांमध्ये फारशी सापडत नाही. वर्षातून दोनदा लिलावात शिरणाऱ्याला ती सवय कुठून येणार?

म्हणून मी भाच्याला काकांचीच रीत सांगितली. लिलाव उघडण्याआधी त्याच वस्तूची पक्की किंमत दुकानात बघायची. तिच्यातून टपालखर्च वजा करायचा, एकाच दुकानात चालतं म्हणून थोडी सूट धरायची, आलेला आकडा कागदावर लिहायचा. तो एकदाच टाकायचा आणि लिलाव संपेपर्यंत पान उघडायचं नाही. यात कठीण आहे ते शेवटचं. निरोप येत राहतात, त्यामुळे ते निरोप आधीच बंद करून ठेवायचे.

यावर त्यानं मला चांगला प्रश्न विचारला. "मग आपल्या गल्लीतल्या गणपतीत मोदकाचा लिलाव होतो, तेव्हा तू का गं बोली लावतेस?" खरंच आहे. विसर्जनाच्या आधी आमच्याकडे बाप्पापुढच्या मोदकाचा लिलाव होतो, आणि मी दरवर्षी त्यात असते. हैदराबादजवळच्या बाळापूरच्या गणपतीचा लाडू १९९४ साली ४५० रुपयांना गेला होता, २०२४ साली तो ३० लाख १ हजाराला गेला. त्या लाडवाला बाजारभाव नाही, शेजारच्या टेबलावर दुसरा ठेवलेला नाही. देणारा देण्यासाठीच आलेला असतो, पैसे गावाच्या कामाला जातात, आणि आपण किती दिले हे चार लोकांना कळावं हाही त्यातला उघड भाग आहे. तिथे जास्त देणं ही चूक नाही, तोच हेतू आहे. कार्डाच्या लिलावात मात्र समोरचा कोण हे आपल्याला माहीत नसतं, त्यालाही आपण माहीत नसतो, आणि वरचे सव्वातीन डॉलर कुणाच्या महाप्रसादाला जात नाहीत.

आपल्याकडे गिफ्ट कार्डांचे असे लिलाव फारसे कुणी पाहिलेले नाहीत. ईबेनं २००४ मध्ये बाझी डॉट कॉम विकत घेऊन भारतात पाय रोवले, २०१७ मध्ये तो धंदा फ्लिपकार्टकडे गेला आणि २०१८ मध्ये बंद झाला. पण गाडीच्या खास नंबरांची बोली आता ऑनलाइन लागते, बँका थकलेल्या कर्जांची घरं ऑनलाइन लिलावात काढतात. थकलेल्या कर्जाच्या फ्लॅटवर तर दोन्ही गोष्टी एकत्र येतात. किंमतही नक्की माहीत नाही, आणि घड्याळही चालू. तिथे गेलेले पैसे सव्वातीन डॉलर नसतात, एखाद्या घराची दहा वर्षांची बचत असते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबानं अशा बोलीत शेजारच्याच इमारतीत चालू असलेला भाव विचारला नव्हता. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं, कारण तो भाव सांगायला त्या इमारतीचा चौकीदारही पुरला असता.

होळीच्या सुमारास भाच्याचा पुन्हा फोन आला. तेच दुकान, तेच ५० डॉलरचं कार्ड. या वेळी त्यानं ४४ टाकले होते आणि निरोप बंद करून झोपला होता.

"गेलं का रे?" मी विचारलं.

"गेलं. साडेएक्कावन्नला."

"किती जण होते एकूण?"

त्यानं इतिहास उघडून मोजले. "चौदा, आत्या. बारा जण पन्नासच्या आतच थांबलेत. शेवटी दोघं होते."